एक रुपया प्राप्त झाला

अकोटात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमची पिठाची चक्की आहे. सकाळी ती सुरू झाली की दुपारपर्यंत थांबत नाही. पण मधली काही वर्षं अशी होती की रोज सकाळी एका ठरावीक वेळेला आई हात वर करून म्हणायची, "थांबा वं बाया जराशा," आणि बटण बंद करायची. पट्टा फडफड करत थांबायचा. डब्यांवर टेकून बसलेल्या बायांपैकी एखादी नवी असली तर विचारायची, "लाईन गेली का?" बाकीच्या तिला सांगायच्या, "नाई वं, तिच्या पोराचा रुपया यायचा हाये."

मग पिठानं पांढऱ्या झालेल्या फळीवरचा तो लाल डबा बोलायचा. एका बाईचा कोरडा आवाज यायचा, "एक रुपया प्राप्त झाला."

"उठलं माहं बाबू," असं आई म्हणायची, पदरानं डब्यावरचं पीठ पुसायची आणि चक्की पुन्हा सुरू करायची. दाण्यांचा घास आत असताना चक्की बंद केली तर दगड अडकतो, म्हणून ती वेळ जवळ आली की दोन दळणांच्या मध्ये ती मुद्दाम जागा सोडायची. एवढी काळजी तिनं स्वतःच्या गुडघ्यांचीही कधी घेतली नाही.

मी मुळात रागीट बाई आहे. माझं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, आणि सकाळी मी आईच्या हाताखाली चक्कीवरच असते. भाव वाढवला म्हणून कुरकुर करणाऱ्या बायांशी भांडायचं काम माझं. आई भांडत नाही. त्यामुळे हे सगळं आठवताना मला जितकं रडू येतं तितकाच रागही येतो, आणि दोन्ही एकदम आले की मला काही सुचत नाही. म्हणून सरळ सुरुवातीपासून सांगते.

वडील गेले तेव्हा माझा भाऊ कॉलेजात होता, अकोल्याला. थोडी काळी जमीन होती, ती आम्ही मक्त्यानं देऊन टाकली. ती वर्षंच तशी होती. कपाशीच्या बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही. शेतीत काही राम राहिला नाही हे आम्हाला चक्कीवर बसूनच कळायचं, कारण पिशवी भरून गहू आणणाऱ्या बाया आता डबाभर आणायच्या, आणि डबाभर आणणाऱ्या रेशनचा गहू ज्वारीत मिसळून आणायच्या. जिनिंग पूर्वी होळीपर्यंत चालायचं, ते संक्रांतीलाच गप्प होऊ लागलं. गावातली तरणी पोरं मिळेल ते काम धरून अमरावती, नागपूर, पुण्याला गेली. आमचं पोट्टंही गेलं.

त्याला अमरावतीला फोनवरून पैसे घ्यायच्या कंपनीत नोकरी लागली. दुकानोदुकानी जायचं, चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवायचा, बोलणारा डबा ठेवायचा, दुकानदाराला कसं वापरायचं ते शिकवायचं. गळ्यात पट्टा, पाठीवर कंपनीचं नाव असलेली बॅग. पहिल्यांदा तसा घरी आला तेव्हा आईनं त्याची दृष्ट काढली. त्यानं बॅगेतून डबा काढून चक्कीच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "माय, माह्यावालं पहिलं दुकान तुहं."

"दळणाचे पैसे कोणती बाई फोनवरून देते रे?" आई म्हणाली. "बायाजवळ फोन तरी हाये का?"

"येतीन पाय. सगळ्याईजवळ येतीन."

त्याचं खरं निघालं. नोटांची टंचाई झाली त्यानंतर फोनवरून पैसे द्यायची सवय लोकांना लागली, आणि बाया नवऱ्याचा नाहीतर पोराचा फोन घेऊन यायला लागल्या. तरी आमच्याकडे ते रोजचं नव्हतं. कधी दोघीतिघी फोनवरून द्यायच्या, कधी दिवस दिवस डबा मुकाच राहायचा.

त्याची एक जुनी सवय होती. अकोल्याला शिकायला होता तेव्हा एसटीतून उतरला की तो मिस कॉल द्यायचा. एक घंटी वाजली की समजायचं, पोचला. उचलायचा नाही, उगाच पैसे कशाला घालवायचे. आमच्या घरात सगळ्यांचंच असं होतं. मी बाळंतपणानंतर माहेरून दोन गल्ल्या पलीकडे सासरी गेले तेव्हासुद्धा एक घंटी देऊनच कळवलं होतं. प्रेम करायचं, पण त्याचा खर्च होऊ द्यायचा नाही, अशी आमची रीत.

डबा ठेवून तो अमरावतीला परत गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी डबा बोलला. एक रुपया. चक्कीवर तर कोणीच फोन काढला नव्हता. मी आईचा फोन उघडून पाहिलं, तर भावाचं नाव. आई आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की बाया बघत राहिल्या. "पाय वं, मिस कॉलच्या जागी आता रुपया धाडून राहिला. साहेब झाला नं!"

त्यानं तसं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नाही. मिस कॉलबद्दल तरी कोणी कोणाला काय विचारलं होतं? रुपया आला म्हणजे पोरगा उठला, बरा आहे, आपली आठवण काढली. तेवढं आम्ही आमच्या मनानंच ठरवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशीही रुपया आला, तिसऱ्याही, तेव्हा ते पक्कंच झालं. आई ते सगळे रुपये वेगळे काढून ठेवायची म्हणे. म्हणजे गल्ल्यातून तेवढी नाणी काढून देवाजवळच्या डबीत टाकायची. त्याच्या लग्नात त्याच्यावरून ओवाळून टाकायला.

घरी आला की तो कंपनीच्या गोष्टी सांगायचा. सुरुवातीला फार उत्साहात सांगायचा. ऑफिसात बसायला मोठ्या उशा आहेत, शुक्रवारी गाणी लावतात, वाढदिवसाला केक कापतात. "आणि सोमवारी फोनवर पाच तोंडं येते ताई," तो मला म्हणाला. "एक रडकं, एक हसरं, मंधात तीन. आपल्याले कसं वाटून राहिलं ते दाबायचं. कर्मचाऱ्याचं मन कसं हाये ते कंपनी पायते."

"मग तू कोणतं दाबतोस?"

"हसरं. सगळेच हसरं दाबतात. रडकं दाबलं तर साहेबाचा फोन येते, काहून रडून राहिला म्हणून."

आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आई आतून म्हणाली, "मले बी दाबाले सांग, कोणतं दाबू?" आणि त्यावर आम्ही पुन्हा हसलो.

पुढे पुढे तो कमी सांगायला लागला. कंपनी वाढून राहिली, एवढं मात्र म्हणायचा. कंपनी वाढत होती आणि हा वाळत होता. गालाची हाडं वर आली. जेवताना फोन ताटाशेजारी. एका पोळ्याला आला, तर बैल दारात आले तेव्हाही ओट्यावर बसून कुणाला तरी समजावत होता, "हो सर, करतो सर, आजच करतो सर." आईनं पुरणपोळी गरम करून दोनदा आणली आणि दोनदा परत नेली.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं चक्की उघडली, झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून दिली, पट्टा ताणून बसवला. हात काळे, अंगभर पीठ, आणि चेहरा कधी नव्हे इतका निवांत. आईला म्हणाला, "माय, मीच चालवू का चक्की? तू बस घरी."

आई हसली. "चक्कीत काय ठेवलं हाये बापा? मायबाप पीठ खात मेले, तू तरी चांगले कपडे घाल."

त्यानं हात धुतले आणि सकाळच्या एसटीनं गेला. रुपया दुसऱ्या दिवशी वेळेवर आला.

त्यानंतर फोन कमीच झाले. मी म्हणायचे, आई, आज लावू या का त्याला? ती म्हणायची, "कामात असन. रुपया येते नं रोज. बरा हाये तो." शेजारच्या काकू विचारायच्या, पोराची काय खबर? आई डब्याकडे बोट दाखवायची, जसं काही तो तिथंच बसला आहे. दिवाळीनंतर रुपया जरा लवकर यायला लागला. आधी चक्की सुरू होऊन दोन दळणं झाल्यावर यायचा, आता झाडलोट चालू असतानाच. आई खूश. "लवकर उठाले लागला," ती म्हणाली. "लहानपणी किती हाका माराव लागे."

तो उठत नव्हता. तो झोपतच नव्हता. हे आम्हाला नंतर कळलं.

ज्या दिवशी अमरावतीहून फोन आला, त्या दिवशीही रुपया आला होता. आईनं "उठलं माहं बाबू" म्हटलं होतं, चक्की सुरू केली होती, कुणाच्या तरी बाजरीचं दळण टाकलं होतं. मग माझा फोन वाजला. त्याच्या खोलीत राहणारा मुलगा बोलत होता. अकोल्याचा, शिंप्याच्या घरातला मुसलमान पोरगा, भावाच्याच कंपनीत. आम्ही त्याला एकदोनदा पाहिलं होतं. "ताई, तुमी या. आईले घेऊन या. दवाखान्यात आणलं त्याले." तो रडत होता म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. आईला एवढंच सांगितलं की त्याला ताप आहे. आई म्हणाली, "आत्ता तर रुपया आला त्याचा." एसटीत बसेपर्यंत ती तेच म्हणत होती. बाजरी तशीच दगडात राहिली.

कावीळ होती. अंगात कधीची मुरलेली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, हाताची नखंसुद्धा पिवळी. खोलीतल्या पोरांनी दवाखान्यात चल म्हणून सांगितलं, तर म्हणायचा, महिना संपू दे. शेवटी शेवटी त्याला अंथरुणातून उठता येत नव्हतं, तरी कंपनीत सुट्टी टाकली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. आई त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती, "बाबू, मी आली रे, पाय," आणि त्याचे डोळे अर्धे उघडे, पण तो कुणाकडे बघत नव्हता. फक्त उजव्या हाताचा अंगठा हलत होता. चादरीवर, वर-खाली, वर-खाली, थांबायचा आणि एकदा दाबायचा. आईला वाटलं त्याला खाजतं आहे. तिनं तो अंगठा हातात धरून ठेवला. तरी तो तिच्या तळहातावर हलत राहिला.

तो वाचला नाही. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तेरावं झालं त्या दिवशी तो अकोल्याचा पोरगा आला होता. भावाची बॅग, कपडे, गळ्यातला पट्टा, सगळं नीट घडी करून आणलं होतं. पाहुणे गेल्यावर तो आणि मी ओट्यावर बसलो. चक्की बंद होती. मी त्याला सहज म्हटलं, की इतका आजारी होता, पण आमचा रुपया त्यानं एक दिवस चुकवला नाही बघ. आईवर केवढा जीव होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ताई, ते रुपये आमी सगळेच मारतो."

मला कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. ज्या दुकानात दिवसभरात फोनवरून एकही पैसा आला नाही, ते कंपनीच्या लेखी झोपलेलं दुकान. झोपलेली दुकानं वाढली की पोराचा पगार कापला जातो, आणि मग पोरगाही काढला जातो. गिऱ्हाईकच नाही तर दुकानदार काय करणार, लोकांच्या हातात पैसा कुठं होता? म्हणून पोरं सकाळी उठून आपल्या सगळ्या दुकानांना स्वतःच्या पगारातला एक एक रुपया पाठवून टाकायची. दुकान जागं दिसायचं. साहेबांनाही ते ठाऊक होतं. त्यांच्या वरच्यांना जागी दुकानं दाखवायची होती, आणि त्या वरच्यांना आणखी कुणाला तरी.

"आजारी होता तवा तर त्याचंच जास्त होतं," तो म्हणाला. "फिरता येत नोतं. खाटेवरूनच मारे रुपये. पायटीच, उजाडायच्या आधी सुरू करे. म्हणे, सुट्टी दिसू नाई पायजे."

 मग मी जे विचारू नये ते विचारलं. "आमचा वेगळा नव्हता का रे? आईसाठी?"

बिचाऱ्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला. "तुमचा नंबर सगळ्यात पहिला होता ताई," तो म्हणाला. "त्याच्या यादीत पहिलं दुकान तुमचंच."

यादीत पहिलं, कारण पहिला डबा आमच्याकडे ठेवला होता म्हणून. किती दिवस मी त्या एका वाक्याला धरून बसले होते. पहिला पाठवताना तरी त्याच्या डोळ्यांसमोर आई येत असेल की नाही? की तिथंही नुसता अंगठा? ज्याला विचारायचं तोच नाही. आईला मी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तिच्याकडे तेवढे रुपयेच उरले होते.

पुढच्या महिन्यात कंपनीचा निरोप आला, आईच्या फोनवर. कंपनीला यंदा भरघोस नफा झाला आहे, हे यश तुमच्यासारख्या भागीदारांमुळेच, धन्यवाद. खाली फुलांचं चित्र. मी फोन भिंतीवर मारणार होते, पण फोन आईचा होता. दोन दिवसांनी दुसरा निरोप, तुमच्या दुकानाचे नवे प्रतिनिधी अमुक, संपर्कासाठी त्यांचा नंबर. माझ्या भावाच्या जागेवर त्यांना माणूस सापडायला इतका कमी वेळ लागला.

आईनं चक्की पुन्हा सुरू केली होती. पण आता ती मध्ये थांबवत नव्हती. सकाळची ती वेळ आली की ती दळणावर दळण टाकत राहायची, मध्ये जागाच ठेवायची नाही. बायाही त्या वेळी उगाच मोठ्यानं बोलायच्या. डब्यावर पीठ साचलं होतं, ते कोणी पुसत नव्हतं.

मग एका सकाळी पट्टा सरकला आणि चक्की आपोआप थांबली. मी पट्टा बसवायला वाकले आणि फळीवरून आवाज आला.

"एक रुपया प्राप्त झाला."

एकही बाई हलली नाही. माझं डोकंच फिरलं. मी उठले, डब्याची वायर ओढली, तो नालीत फेकायला निघाले. आईनं माझं मनगट धरलं.

"ठेव तो."

"आई, सोड. तुला ठाऊक नाही, तो रुपया..."

"मले माईत हाये," आई म्हणाली. "तेराव्याच्या दिवशी तुमी ओट्यावर बोलून राहिले होते नं, तवा चक्की बंद होती. मले सगळं ऐकू आलं."

इतके दिवस तिनं ते एकटीनं लपवून ठेवलं होतं. माझ्यापासून. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. मी तिथंच गव्हाच्या पोत्यावर बसून रडायला लागले. ती रडली नाही. पिठाचे हात लुगड्याला पुसून म्हणाली, "त्या नव्या पोराचा नंबर आला होता नं? लाव त्याले."

"कशाला?"

"लाव मंते नं."

मी स्पीकरवर लावला. पलीकडून घाईघाईचा आवाज आला, कोवळा, "हो मॅडम, डबा बंद पडला का? आजच कोणाले तरी पाठवतो मॅडम, तक्रार नका टाकू." आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"तक्रार नाई रे बापा. चक्कीवाली बोलून राहिली मी, अकोटची. तुहा रुपया आला."

"सॉरी मॅडम," तो म्हणाला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"घरी कोण कोण हाये तुह्या?"

"आई हाये," तो म्हणाला. "बार्शीटाकळीले."

"तिच्याशी बोलतं का रोज? तोंडानं बोलतं का?"

  आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिचा आवाज अगदी तसा झाला जसा भाऊ लहानपणी तापानं फणफणला की व्हायचा.

"बाबू," ती म्हणाली, "आरशात पाहून ये. डोळे पिवळे तर नाई दिसून राहिले? जा, पाहून ये. मी थांबून राहिली."